दैवशाला सिस्टरांची वाटणी

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. श्रीनिधी साहेब, मंचावर विराजमान असलेले रुग्ण कल्याण समितीचे सन्माननीय सदस्य, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इन्चार्ज दैवशाला सिस्टर, दवाखान्यातील सर्व भगिनी आणि कर्मचारी बंधू, तसेच कडेवर लेकरं घेऊन एवढ्या उन्हात आलेल्या माझ्या माता-भगिनींनो,

मघाशी बालाजीमामांनी माझ्या कानात सांगितलं, "गुरुजी, थोडक्यात आटपा, जेवण गार होईल." बालाजीमामा या वॉर्डात वॉर्डबॉय म्हणून इतकी वर्षं आहेत की त्यांचा शब्द साहेबांनाही मोडवत नाही. पण ज्याने ताडकळसच्या शाळेत उभा जन्म मराठीचे तास घेतले, त्याला थोडक्यात बोला म्हणणं म्हणजे काय, हे तिथले माझे विद्यार्थी तुम्हाला सांगतील. त्यातले दोघे-तिघे मागच्या दाराशी उभे आहेत. का उभे आहेत तेही मला कळतं. बसा रे आत येऊन.

आता काही जणांना प्रश्न पडला असेल, की हे गुरुजी ना डॉक्टर, ना कर्मचारी, मग सिस्टरांच्या निरोपाला यांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. मी इथे एका बाळाचा आजोबा म्हणून उभा आहे. माझी मुलगी मैथिली या दवाखान्यात बाळंत झाली. त्या वेळी जे घडलं त्याची गोष्ट गावात बऱ्याच तऱ्हांनी सांगितली जाते. चहाच्या टपरीवर तर मी अशीही ऐकली आहे, की मी स्वतः आगीत उडी घेतली! मंडळी, माझे गुडघे तुम्ही पाहताच आहात. तेव्हा सिस्टरांच्या समोर, त्यांच्या साक्षीनं, ती एकदा नीट सांगावी एवढाच माझा हेतू आहे.

पण आधी 'वाटणी' म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. सरकारी कागदावर तिला आपत्कालीन स्थलांतर आराखडा असं भारदस्त नाव आहे. वॉर्डातल्या बाया मात्र तिला वाटणीच म्हणतात. आपल्याकडे वाटणी म्हटलं की भावाभावांची डोकी फुटतात. सिस्टरांची वाटणी वेगळी होती.

झालं असं, की सिस्टरांनी या वॉर्डात पहिली रंगीत तालीम घेतली. आग लागली तर काय करायचं त्याची तालीम. बाळांच्या जागी टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवल्या, घंटा वाजवली आणि त्या दारात उभं राहून नुसत्या बघत राहिल्या. काय दिसलं असेल? प्रत्येक आजी धावली ती आपल्या लेकीकडे. नवरे धावले ते चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडे. यात मी पुरुषांची बदनामी करत नाही, सिस्टरांनी पाहिलेलं सांगतोय. ओल्या टाक्यांच्या बाळंतिणी उठून दाराशी गर्दी करायला लागल्या. आणि टॉवेलच्या गुंडाळ्या? त्या जिथल्या तिथे. जो तो समजत होता, की बाळ दुसऱ्या कोणीतरी उचललं असेल.

त्या दिवशी सिस्टरांनी ठरवलं. आपल्या माणसानं आपल्या बाळंतिणीला धरायचं, आणि बाळ शेजारच्या खाटेच्या माणसानं उचलायचं. बाळ जन्मलं, की त्याच दिवशी त्याची वाटणी व्हायची. शेजारच्या खाटेवरच्या सासूला नाहीतर आईला बोलवायचं, बाळ दाखवायचं आणि सांगायचं, "घंटा वाजली की हे लेकरू तुझं. जिम्मा तुझा." आणि दुसरा नियम त्याहून कडक. उचललेलं बाळ परत द्यायचं ते फक्त त्याच्या आईच्या हातात, नाहीतर सिस्टरांच्या. आजोबा असो, मामा असो, डॉक्टर असो, तिसऱ्या हातात द्यायचं नाही. गर्दीत कोणीही उठून 'मी काका' म्हणतो. रोज सकाळी राउंडला आल्या की औषधाआधी त्यांचा प्रश्न असायचा, "काय गं, वाटणी झाली का?"

तर, मैथिलीला मुलगी झाली. सिझर झालं होतं. नात वजनानं फार कमी भरली, म्हणून तिला बाळांच्या खोलीत उबेला ठेवलं. डॉक्टर साहेबांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, की हिला गारठा बिलकुल सोसणार नाही. पौष महिना होता. आमच्या घरात त्या दिवसांत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सौभाग्यवती विमला देवाजवळ बसायची आणि मी देवाजवळ बसलेल्या विमलाजवळ बसायचो.

शेजारच्या खाटेवर राणीसावरगावकडची बबिता होती. मेंढपाळांच्या घरची सून. तिला मुलगा झाला होता. तिची सासू कासाबाई. दवाखान्याच्या मागे बन्सीधररावांचं शेत आहे, तिथे कापसाची झाडं उपटून झाल्यावर खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसवल्या होत्या. बिऱ्हाडही तिथेच. म्हणून बबिता बाळंत झाली आपल्याकडे. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी वाटणी केली. आमची नात कासाबाईंकडे आणि त्यांचा नातू आमच्या विमलाकडे.

आता विमला समोर बसली आहे. तिची परवानगी गृहीत धरून सांगतो, नाहीतरी घरी गेल्यावर जे व्हायचं ते होईलच. ती मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, बाई चांगली आहे, पण लुगड्याला मेंढ्यांचा वास येतो. आपलं एवढंसं बाळ!" मी मान डोलावली. संसारात मी हे एक शिकलो आहे. पण गंमत अशी, की त्याच वेळी खिडकीतून मला कासाबाईंचा आवाज येत होता. त्या सुनेला म्हणत होत्या, "ही मास्तरीन लय वाळलेली हाय गं. हिच्यानं आपलं पोरगं उचलंल का? वाटंत बसल खाली." सिस्टरांनी दोघींचंही ऐकलं असणार, कारण त्यांना सगळंच ऐकू येतं. त्यांनी दोघींच्या हातात एकेक टॉवेलची गुंडाळी दिली आणि लिंबाच्या झाडापर्यंत चालत न्यायला लावलं. पुन्हा, पुन्हा. शिवाय बाळ उघड्या उराशी धरून वरून पांघरूण कसं घ्यायचं, म्हणजे अंगाची ऊब अंगाला लागते, तेही दोघींना शिकवलं. विमला लाजली. कासाबाई म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात? कोकरू आमी असंच धरतो."

पुढे एका सकाळी, चहा-बिस्किटाच्या वेळेला, बाळांची खोली उबदार ठेवणाऱ्या एसीतून ठिणग्या उडाल्या. बघता बघता काळा धूर झाला. घंटा वाजली. बालाजीमामांनी मेन स्विच पाडला आणि लाल नळकांडं घेऊन ते आत शिरले. बाकी गोंधळ असा काही झालाच नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्या वॉर्डात एरवी एका बादलीवरून तासभर भांडण चालतं, तिथे प्रत्येक बाई गुमान आपल्या वाटणीच्या बाळाकडे चालत गेली. मी आणि जावईबापूंनी मैथिलीला चादरीच्या झोळीत उचललं. दारातून निघताना मी डोळ्यांनी पाहिलं, कासाबाईंनी आमची पोर उराशी घेतली, वरून घोंगडी ओढली आणि त्या धुरातून बाहेर पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर लिंबाखाली आलो. वारं झोंबत होतं. सगळी बाळं होती. विमला होती, तिच्या शालीत बबिताचा मुलगा होता. कासाबाई नव्हत्या. आमची पोर नव्हती.

मंडळी, तोपर्यंत रस्त्यावरची माणसं आत शिरली होती. मदतीला आलेली चांगली माणसं होती ती, पण गर्दी म्हणजे गर्दी. कोणी बाळ ओढतंय, कोणी पाणी आणतंय, कोणी व्हिडिओ काढतंय. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "ती मेंढरंवाली पोरगी घेऊन पळाली!" झालं. एकदा शब्द सुटला की त्याला हजार तोंडं फुटतात. "फिरस्त्यांचं काय, आज हितं उद्या तिथं." "पोलिसाला फोन लावा." कासाबाईंचा मुलगा रामकिशन बायकोला झोळीतून खाली ठेवत होता, त्याची कॉलर धरली. मैथिली खाली सतरंजीवर पडून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या अंगावरची चादर सारखी करत राहिलो.

आणि मग एक माणूस विमलाकडे वळून म्हणाला, "काकू, ते पोरगं सोडू नका हातचं. आपली पोरगी येऊ द्या आधी, मगच द्या."

काय सांगू तुम्हाला? आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. कारण त्या क्षणी, खरं सांगतो, ते मला पटलं होतं. विमलानं त्या माणसाकडे पाहिलं. मग शालीतल्या पोराकडे पाहिलं. रामकिशन कॉलर धरलेल्या अवस्थेत तिच्यासमोर उभा होता, पोराचा सख्खा बाप. तो काही मागत नव्हता, नुसता बघत होता. विमला त्याला म्हणाली, "तुझ्या हातात नाही देता येत रे बाळा. नियम आहे." आणि ती चालत बबिताजवळ गेली, मांडी घालून मातीत बसली, आणि तिनं बबिताचं लेकरू तिच्या कुशीत दिलं. स्वतःची नात कुठे आहे ते माहीत नसताना दिलं. मग तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. बबितानं एका हातानं पोर धरलं आणि दुसऱ्या हातानं विमलाचा हात.

विमला, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी तुला कधी बोललो नाही. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. घरी बोलायला जमलं नाही, म्हणून मंचावरून बोलतो. टाळ्या नकोत, ती आणखी रडेल.

त्यानंतर सिस्टर बाहेर आल्या. शेवटची खाट रिकामी झाल्यावरच त्या निघाल्या होत्या. तोंड काजळीनं माखलेलं, टोपी कुठे पडली पत्ता नाही. लोकांनी त्यांना घेरून सगळं सांगितलं. त्यांनी आधी रामकिशनची कॉलर धरणाऱ्या हातावर चापट मारली. "सोड आधी. माझी बाई हाय ती. मी दिलंय लेकरू तिच्याकडं." मैथिलीनं विचारलं, "सिस्टर, माझं बाळ कुठं आहे?" त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "मी ज्या हातात दिलंय त्याच हातात हाय. तू उठू नकोस. टाके ताजेत." इतक्या शांतपणे म्हणाल्या, की गर्दी गप झाली. फोन लावणाऱ्यानं फोन खिशात घातला.

मग त्या रामकिशनला म्हणाल्या, "तुझी माय थंडीत कुटं जाऊन बसंल रे?" तो म्हणाला, "मेंढरात."

आम्ही निघालो. बन्सीधररावांच्या शेतात त्या दिवशी ढेकळं इतकी होती, की मी दोनदा पडलो. बन्सीधरराव, हसू नका, अजून घोट्यात दुखतं. मी पुढे, रामकिशन माझा हात धरून, आणि सिस्टर मागे धापा टाकत. मेंढ्या अजून जाळीच्या कुंपणात बसलेल्या होत्या, चरायला सोडल्या नव्हत्या. त्यांच्या मधोमध, वाऱ्याला पाठ करून कासाबाई बसल्या होत्या. घोंगडी नाकापर्यंत ओढलेली. मी जवळ गेलो. घोंगडीच्या आतून बारीक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा. 

मी हात पुढे केले. कासाबाई मागे सरकल्या.

"द्या हो," मी म्हणालो, "मी आजोबा आहे तिचा."

"असताल गुरुजी. मी कुटं न्हाई म्हनते? पन तुमाला न्हाई देता येत. तिच्या मायच्या हातात न्हाईतर सिस्टरच्या."

"अहो, पण तुम्ही झाडाखाली का नाही थांबलात?"

"थांबले व्हते की. लोकं वढायला लागले. एक म्हनला मी मामा, एक म्हनला मी डॉक्टर. कोन कोनाचं कळंना. वारं बी लय गार. हिला थंडी बाधती म्हनले व्हते ना सिस्टर? मग आनली हिकडं."

तेवढ्यात सिस्टर पोचल्या. कासाबाईंनी घोंगडी बाजूला केली आणि पोर त्यांच्या हातात दिली. सिस्टरांनी तळपायाला हात लावून पाहिला. गरम होता. मग कासाबाई उठल्या, पदर नीट केला, आणि तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "माझं कुटं हाय?"

मंडळी, ते तीन शब्द नीट ऐका. इतका वेळ ती बाई आमचं बाळ उराशी धरून बसली होती, आणि आपला नातू धुरातून बाहेर आला की नाही हे तिला माहीत नव्हतं. रामकिशननं सांगितलं, "बबिताजवळ हाय आई. मास्तरीनबाईनं दिलं कवाच." कासाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उचललं म्हना की त्यांनी!" आणि मग त्या हुंदके देऊन रडल्या.

त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही. नंतर रीतसर चौकशी झाली, आणि स्थलांतर यशस्वी झालं असा एका ओळीचा शेरा आला. ती एक ओळ म्हणजे आमची नात ईश्वरी. ती बघा, तिकडे कासाबाईंच्या मांडीवर बसून सत्काराच्या हाराची फुलं तोडते आहे. आणि तिला ओरडणारा तो कासाबाईंचा नातू परमेश्वर.

आता शेवटचं. गेल्या आठवड्यात सिस्टर घरी निरोप घ्यायला आल्या होत्या. पाथरीला भावाजवळ राहायला जाणार म्हणाल्या. चहा झाला. मी त्यांना विचारलं, "सिस्टर, एक सांगा. 'माझी बाई आहे ती' असं तुम्ही त्या दिवशी एवढं ठणकावून म्हणालात. तुम्हाला खात्री होती?"

सिस्टरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "न्हवती गुरुजी. लय भ्याले होते मी. पण मी डगमगले असते, तर लोकांनी त्या रामकिशनला मारलं असतं. आन् पुन्हा ह्या वॉर्डात कोन्या बाईनं दुसऱ्याचं लेकरू उचललं नसतं."

सिस्टर, माफ करा, तुम्ही हे कोणाला सांगू नका म्हणाला होतात. पण नव्या इन्चार्ज भगिनी समोर बसल्या आहेत. घंटा, नळकांडी, आराखडा हे सगळं त्यांच्या ताब्यात तुम्ही दिलंच असेल. ही एक गोष्ट राहिली होती. घाबरलेली असतानाही ज्या बाईनं दिलेला हात मागे घेतला नाही, ती आज या दवाखान्यातून चालली आहे, आणि मला ते अवघड जातंय. सरळ सांगतो, फार अवघड जातंय.

अहो कासाबाई, ऐकताय ना? सिस्टरांना तुमची खात्री नव्हती म्हणे!

काय म्हणालात? उभ्या राहून बोला, मागे ऐकू जात नाही. बालाजीमामा, जरा शांत करा मुलांना.

ऐकलंत सगळ्यांनी? माईक पोचला नाही, म्हणून मीच त्यांचे शब्द सांगतो. त्या म्हणतायत, "मला तरी कुटं व्हती माझी खात्री, गुरुजी? पन तिनं दिलं व्हतं ना हातात."

आता यापुढे मी काही बोलू नये. आपण सर्वांनी या म्हाताऱ्याला इतका वेळ दिलात, अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्याचं म्हणून पोटात घाला. सिस्टर, तुमची पाथरी आम्हाला काही लांब नाही. जेवायला चला. नमस्कार.